तेआहुपोची लाट

पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात ताहिती नावाचे एक बेट आहे. ते फ्रेंच पॉलिनेशिया या द्वीपसमूहात मोडते. समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखींनी हे बेट घडविले. एक मोठे व एक लहान अशी दोन वर्तुळे अरुंद पट्टीने जोडावीत, तसा त्याचा आकार नकाशात दिसतो. लहान वर्तुळाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तेआहुपो नावाचे गाव वसलेले आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने आलेला रस्ता या गावापाशी संपतो. मागे हिरवे उंच डोंगर, डोंगरातून खळखळत उतरणारे ओहोळ आणि समोर अथांग सागर, अशी या गावाची शोभा आहे.

किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे जवळचे पाणी तळ्यासारखे शांत दिसते. लहान मुले त्यात डुंबतात. कोळी निवांतपणे होड्या वल्हवितात. परंतु दूरवर, जेथे फिकट हिरवे पाणी संपून गडद निळे पाणी सुरू होते, तेथे पांढऱ्या फेसाची एक रेघ सारखी हलताना दिसते. डोंगरात मेघ गडगडावा, तसा गंभीर आवाज त्या दिशेने येत असतो. होडीने तेथवर गेल्यावर त्या आवाजाचा उलगडा होतो. निळ्या पाण्याची एक भिंत अचानक उभी राहते. तिचा माथा पुढे झुकतो, माथ्याच्या आत काचेच्या बोगद्यासारखी पोकळी निर्माण होते, आणि क्षणार्धात ती भिंत कोसळते. जगात याहून उंच लाटा पुष्कळ आहेत. तरीही जन्मभर समुद्रावर वावरलेली माणसे या लाटेपुढे अधिक जपून वागतात. त्याचे कारण लाटेच्या उंचीत सापडत नाही. ते तिच्या खाली, पाण्याआड दडलेले आहे.

लाटेवर स्वार होण्याचा खेळ या बेटांवर फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. १७६९ साली कॅप्टन कुक यांचे ‘एन्डेव्हर’ हे जहाज ताहितीला आले. त्या जहाजावर जोसेफ बँक्स नावाचे निसर्गशास्त्रज्ञ होते. एके दिवशी त्यांना एक नवलाचे दृश्य दिसले. किनाऱ्यावर प्रचंड लाटा फुटत होत्या. युरोपातील कोणतीही होडी तेथे टिकली नसती. पण दहा-बारा ताहितीवासी त्याच लाटांत आनंदाने खेळत होते. जुन्या होडीचा मागचा तुकडा पुढे धरून ते समुद्रात दूरवर जात, आणि मोठी लाट आली, की तिच्यासंगे विलक्षण वेगाने किनाऱ्याकडे येत. बँक्स आणि त्यांचे सोबती चांगला अर्धा तास ते दृश्य पाहत उभे राहिले. हवाई बेटांतही हा खेळ बहरला. विसाव्या शतकात तो तेथून जगभर पसरला. खेळाडू लांबट फळीवर पालथे पडून हातांनी पाणी कापीत समुद्रात जातो, योग्य लाट येताच फळीवर उभा राहतो आणि लाटेच्या उतारावरून घसरत जातो. या खेळाला आज सर्वत्र सर्फिंग असे म्हणतात.

या खेळातील संकट समजून घ्यावयाचे, तर लाट म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. लाट म्हणजे पुढे धावणारे पाणी, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा वाहिला, म्हणजे कणसांची लाट शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते; पण एकही ताट आपली जागा सोडीत नाही. खोल समुद्रातही बहुतांशी असेच घडते. पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळात फिरतात; पुढे जाते, ती वाऱ्याने त्यांना दिलेली शक्ती.

तेआहुपोला येणाऱ्या मोठ्या लाटा हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडील थंड सागरात जन्मतात. आपल्याकडे पावसाळा असतो, तेव्हा तेथे हिवाळा असतो. त्या दिवसांत त्या सागरावर मोठी वादळे घोंघावतात. वादळाने पाण्याला दिलेली शक्ती लाटांच्या रूपाने उत्तरेकडे निघते आणि काही दिवसांनी ताहितीला पोचते. वाटेत तिला अडविणारी जमीन नसते. अशा वेळी एका लाटेमागून दुसरी लाट येण्यास पुष्कळदा पंधरा-सोळा सेकंद लागतात. खोल समुद्रात या दोन लाटांच्या माथ्यांमध्ये साडेतीनशे ते चारशे मीटरांचे अंतर असते. अशा लाटेचे बळ केवळ पृष्ठभागापुरते नसते. सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंतचे पाणी तिच्याबरोबर हालत असते.

कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ हळूहळू उथळ होत येतो. लाटेचा खालचा भाग तळाला घासू लागला, म्हणजे तिचा वेग मंदावतो. ती वाकते, फुटते आणि फेसाळत वाळूवर विरून जाते. तिची पुष्कळशी शक्ती वाटेतच खर्च झालेली असते. तेआहुपोला हा सावकाश चढत येणारा उतार नाही. अतिशय खोल पाण्यातून पोवळ्यांची भिंत एकदम वर आलेली आहे. महासागरातून आलेली लाट आपले सारे बळ घेऊन त्या भिंतीवर आदळते. तिचा पायथा एकाएकी अडतो आणि माथा मात्र तसाच पुढे धावतो. वेगाने धावणाऱ्या माणसाच्या पायात अकस्मात दोरी अडकली, तर त्याचे धड जसे पुढे फेकले जाते, तसा लाटेचा माथा पुढे फेकला जातो. पोकळ बोगदा निर्माण होतो, तो याच कारणाने.

पोवळ्यांची ही भिंत साध्या दगडाची नव्हे. प्रवाळ नावाचे चिमुकले जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती कठीण कवच रचतात. एका पिढीच्या कवचावर दुसरी पिढी वाढते. कित्येक जातींची वाढ वर्षाकाठी काही मिलिमीटरच होते. परंतु हजारो वर्षांच्या श्रमांतून त्यांनी बेटाभोवती तटबंदी उभी केली आहे. या तटामुळेच गावापुढचे पाणी शांत राहते. जेथे डोंगरातील ओहोळांचे गोडे पाणी समुद्राला मिळते, तेथे प्रवाळ नीट वाढत नाहीत. म्हणून तटामध्ये मधूनमधून खिंडी राहतात. तेआहुपोजवळ अशीच एक खिंड आहे. तेथे पाणी खोल असल्याने लाट फुटत नाही. होड्या त्या खिंडीत सुरक्षित उभ्या राहतात, आणि अवघ्या काही मीटरांवर ती प्रचंड लाट गर्जत कोसळत असते.

आता संकटाचे खरे स्वरूप ध्यानात येईल. पोवळ्यांच्या या तटावर पाणी आधीच उथळ असते. कित्येक ठिकाणी ते माणसाच्या कमरेइतकेही नसते. त्यात लाट उभी राहताना समोरचे पाणी स्वतःकडे ओढून घेते. त्यामुळे तिच्या पुढ्यातील पाणी आणखी उतरते. अशा जागी खेळाडूचा तोल गेला, म्हणजे त्याला एका वेळी तीन शत्रूंशी गाठ पडते.

पहिला शत्रू म्हणजे पाण्याचा भार. पाणी मऊ असते, असे आपण म्हणतो. पण एक घनमीटर समुद्रजलाचे वजन एक हजार किलोग्रॅमहून अधिक भरते. लाटेच्या माथ्याचा केवळ एक मीटर जाड, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असा पट्टा कोसळला, तरी दहा टनांहून अधिक भार खाली येतो. दुसरा शत्रू म्हणजे तळ. खोल पाण्यात पडलेला माणूस गटांगळ्या खाऊन वर येतो. येथे मात्र खाली जाण्यास जागाच नसते. पोवळ्यांच्या धारदार कडा अंग सोलून काढतात, हाडे मोडतात, आणि डोके आपटले तर शुद्ध हरपते. त्या जखमाही साध्या नसतात. पोवळ्यांचे बारीक कण त्यात अडकून राहतात. वेळीच स्वच्छ केल्या नाहीत, तर त्या चिघळतात. तिसरा शत्रू म्हणजे काळ. पडलेला माणूस फेसातून डोके वर काढतो न काढतो, तोच पुढची लाट त्याच्यावर येते. श्वास घेण्यास, दिशा ओळखण्यास आणि बाजूला होण्यास त्याच्यापाशी पंधरा-सोळा सेकंदांहून अधिक अवधी नसतो.

हे संकट नवख्यांनाच गाठते, असे नाही. एप्रिल २००० मध्ये ताहितीचाच एक तरुण खेळाडू येथे उतरला होता. तो या पाण्याशी चांगला परिचित होता. समोरून आलेल्या एका मोठ्या लाटेखालून बुडी मारून पलीकडे निघण्याचा त्याने प्रयत्न केला. खेळाडू नेहमीच असे करतात. परंतु त्या लाटेने त्याला उचलले आणि आपल्यासंगे खाली पोवळ्यांवर आदळले. सोबत्यांनी त्याला पाण्याबाहेर काढले. मात्र त्या दुखापतींतून तो वाचला नाही. त्याने वेडे साहस केले नव्हते. त्याच्या ठिकाणी कौशल्य होते, अनुभव होता. तरीही एक क्षण त्याला पुरा पडला नाही. त्या दिवसापासून तेआहुपोच्या लाटेकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी अधिक गंभीर झाली.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला हवाई बेटांतील लेअर्ड हॅमिल्टन हे प्रसिद्ध खेळाडू तेथे आले. त्या दिवशी लाटा इतक्या प्रचंड व वेगवान होत्या, की हातांनी वल्हवीत त्यांना गाठणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्या सोबत्याने जेट-स्की या पाण्यावरील वाहनाला दोर बांधून त्यांना ओढीत नेले आणि लाटेच्या वेगाशी वेग जुळताच हॅमिल्टन यांनी दोर सोडला. पाहणारांच्या छातीत धडकी भरावी, अशी ती लाट होती. तिच्या उतारावरचे पाणी हॅमिल्टन यांना मागे व वर खेचू लागले. त्या निमिषात त्यांनी मागचा हात फळीच्या दुसऱ्या बाजूस पाण्यात रोवला, तोल सावरला, आणि फेसाच्या कल्लोळातून ते उभेच बाहेर आले. हे घडले, ते दैवाच्या भरवशावर नव्हे. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता, विश्वासू सोबती होता आणि मदतीस तत्पर असलेली माणसे होती. यांपैकी एकाचीही उणीव असती, तर शेवट कदाचित निराळा झाला असता.

म्हणूनच तेआहुपोची जाणती माणसे काही गोष्टी कसोशीने पाळतात. पाण्यात उतरण्यापूर्वी ती खिंडीतून लाटा बराच वेळ न्याहाळतात. लाटा कोणत्या दिशेने येत आहेत, एका मागोमाग किती येतात, त्यानंतर किती वेळ शांत जातो, हे सारे पारखून घेतात. ती एकट्याने कधी उतरत नाहीत. मोठ्या लाटांच्या दिवशी सोडवणूक करणारे कसलेले लोक जेट-स्कीवर बसून खिंडीत थांबलेले असतात. दोन लाटांमधील थोड्या अवधीत आत शिरून ते पडलेल्या माणसाला उचलतात. काही खेळाडू डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात हवेने फुगणारे जाकीट घालतात. पडण्याचीही एक रीत असते. डोके खाली करून सूर मारावयाचा नाही. अंग आडवे व शक्य तितके पृष्ठभागाजवळ ठेवावयाचे. दोन्ही हातांनी डोके झाकावयाचे, आणि लाटेचा जोर ओसरेपर्यंत झटापट न करता श्वास राखून धरावयाचा. भीतीने हातपाय झाडणाराचा श्वास लवकर संपतो. या सर्वांहून अवघड असा आणखी एक नियम आहे. लाट आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असे दिसताच फळी वळवून परत फिरावे. पाहणारे हसतील म्हणून जो परत फिरत नाही, त्याचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेला असतो.

२०२४ साली तेआहुपोचे नाव जगभर गाजले. त्या वर्षीचे ऑलिंपिक सामने पॅरिस येथे भरले होते. पण सर्फिंगची स्पर्धा तेथून सुमारे १५,७०० किलोमीटर दूर असलेल्या या गावी घेण्यात आली. एके काळी जागतिक मालिकेतील स्त्रियांची स्पर्धा धोक्याचे कारण सांगून येथे बंद करण्यात आली होती. २००६ नंतर ती थेट २०२२ साली पुन्हा सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रिया व पुरुष दोघेही याच लाटेवर उतरले. पहिल्याच दिवशी फ्रान्सच्या जोहान दफे यांचे डोके तळाच्या पोवळ्यांवर आपटले व जखमेला टाके घालावे लागले. उपचारानंतर त्या पुन्हा स्पर्धेत उतरल्या आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्त्रियांचे सुवर्णपदक अमेरिकेच्या कॅरोलाइन मार्क्स यांना लाभले. मध्यंतरी समुद्राची व वाऱ्याची स्थिती योग्य नव्हती, तेव्हा स्पर्धा थांबविण्यात आली. साऱ्या जगाचे डोळे लागलेले असतानाही समुद्रापुढे थांबण्यात कोणी कमीपणा मानला नाही.

पुरुषांचे सुवर्णपदक ताहितीच्याच कौली वास्ट या बावीस वर्षांच्या तरुणाने जिंकले. तेआहुपोच्या लाटेशी त्याची ओळख आठव्या वर्षी झाली होती. लहान लाटांपासून आरंभ करून, वाढत्या वयाबरोबर तो मोठ्या लाटांकडे वळला होता. अंतिम सामन्याच्या आरंभीच त्याने दोन उत्तम लाटा साधल्या. त्यानंतर समुद्र शांत झाला, आणि त्याचा ऑस्ट्रेलियन प्रतिस्पर्धी दुसऱ्या चांगल्या लाटेची वाट पाहतच राहिला. ज्या सागराची गर्जना ऐकून माणसे बिचकत, त्याच सागराने त्या दिवशी मौन धरून सामन्याचा निकाल ठरविला. लाट कोणाच्याही आज्ञेने येत नाही, हे जगाने पुन्हा एकदा पाहिले.

या स्पर्धेपूर्वी आणखी एक प्रसंग घडला. पंचांना बसण्यासाठी लाटेसमोर नवा मनोरा उभारावयाचा होता. तो मनोरा पोवळ्यांना अपाय करील, अशी भीती गावकऱ्यांना वाटली व त्यांनी विरोध केला. डिसेंबर २०२३ मध्ये कामासाठी आणलेल्या एका तराफ्याने खरोखरच काही पोवळी मोडली. तेव्हा काम काही काळ थांबविण्यात आले. पुढे उभारलेला मनोरा मुळात योजला होता, त्याहून लहान होता. ज्या पोवळ्यांवर त्यांच्या गावची माणसे घायाळ झाली, त्याच पोवळ्यांसाठी ती सारी उभी राहिली, हे वाचून क्षणभर आश्चर्य वाटते. परंतु तेथील लोकांना ठाऊक आहे, की या तटामुळेच त्यांचा किनारा शांत आहे, त्यांना मासळी मिळते, आणि ती अपूर्व लाटही त्याच तटाची देणगी आहे. पोवळी त्यांची शत्रू नाहीत. त्यांना न ओळखता त्यांच्यावर धावून जाणे, हेच काय ते संकट.

आजही दूर दक्षिणेच्या सागरात वादळ उठते आणि काही दिवसांनी तेआहुपोच्या तटावर निळी भिंत उभी राहते. खिंडीत होड्या जमतात. तरुण मुले फळ्या सावरून लाटांकडे पाहत बसतात. त्यांतील काही जण पुढे होतात. काही जण आणखी थोडा वेळ पाहतात, आणि ‘आज नाही’ असे म्हणून शांतपणे गावाकडे परततात. किनाऱ्यावरची वडीलधारी माणसे त्यांना हसत नाहीत. जो आज परत फिरला, तो उद्याच्या लाटेसाठी शहाणा होऊन आला आहे, हे त्यांना माहीत असते.

अभ्यास

१. कोकणच्या वाळूच्या किनाऱ्यावर फुटणारी लाट आणि तेआहुपोची लाट यांत कोणता फरक आहे? त्याचे कारण काय?

२. लाट पुढे जाते, पण पाणी बहुतांशी जागीच राहते, हे पाठात कोणत्या दाखल्याने स्पष्ट केले आहे? असाच दुसरा दाखला शोधा.

३. पडलेल्या खेळाडूचे तीन शत्रू कोणते? त्यांपैकी सर्वांत कठीण कोणता, असे तुम्हांस वाटते? का?

४. कारणे सांगा :
(अ) तटातील खिंडीत होड्या सुरक्षित राहतात.
(आ) पोवळ्यांमुळे झालेली जखम लवकर स्वच्छ करावी लागते.
(इ) गावकऱ्यांनी नव्या मनोऱ्याला विरोध केला.

५. ‘पाहणारे हसतील म्हणून जो परत फिरत नाही, त्याचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेला असतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : छातीत धडकी भरणे, उलगडा होणे, गटांगळ्या खाणे, कसोशीने पाळणे.

७. नदी, विहीर किंवा समुद्र यांपैकी तुमच्या गावाजवळ जे असेल, तेथे पोहताना कोणती काळजी घ्यावी, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.